पालातले मामा

माझ्या मामांनी आपला संसार खिडकीतून केला. चेष्टा नाही. भूकंपानंतर सरकारनं वसवलेल्या गावात त्यांचं घर होतं. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, पुढं ऐसपैस अंगण. घरात मामी आणि त्यांची लेक मंजू राहायच्या आणि अंगणात पाल टाकून मामा. पाल म्हणजे मेंढपाळांचा तंबू, चार काठ्या आणि वर ताडपत्री. मेंढरं घेऊन हिंडणारी माणसं मुक्काम पडेल तिथं पाल टाकतात. स्वतःच्याच दारात कायमचा मुक्काम टाकणारे मात्र आमचे मामा एकटेच. मामी गजांमधून भाकरी बाहेर द्यायच्या, मामा रिकामी थाळी आत द्यायचे. भांडणंही त्याच खिडकीतून व्हायची. मध्ये गज होते म्हणून ती बेतात राहिली, असं मामींचं म्हणणं.

छताखाली जायचं नाही म्हणजे नाही. मुरुमच्या बाजारात न्हावी त्यांच्यासाठी खुर्ची उचलून लिंबाखाली आणायचा. बँकेचे साहेब सहीचा कागद घेऊन पायरीवर यायचे आणि वर दोन मिनिटं बोलत बसायचे, कारण मामांशी बोलायला कुणालाही आवडायचं. मंगल कार्यालयातल्या लग्नात मामा फाटकापाशी उभे राहून तिथूनच अक्षता उधळायचे. "लांबनं टाकली म्हणून काय गाठ ढिली बसत न्हाय," असं वर सांगायचे. एसटीत मात्र बिनघोर बसायचे. मी एकदा छेडलं, की मामा, एसटीलाही छत असतं. तर म्हणाले, "ते पळतं छत हाय. पडायच्या आत जळकोट येतंय."

या सगळ्यामागं त्यांचा एक सिद्धांत होता. "पडलं तर उचलता येईल, तेवढंच डोक्यावर असावं." पटका चालतो, घोंगडं चालतं, ताडपत्री चालते. स्लॅब नाही. हे वाक्य आमच्या सगळ्या गोतावळ्यात चालायचं. कुणी झेपत नसताना मोठं काम अंगावर घेतलं, की म्हातारीकोतारी मामांचं वाक्य ऐकवायची. मामा धनगराचे, रानात वाढलेले, त्यांना भिंती कशा मानवतील, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. गावाला त्याचा अभिमानच होता. नर्सिंगच्या होस्टेलवर मीसुद्धा मैत्रिणींना सांगायचे, की माझे मामा अजून खरे धनगर आहेत, घर असून आभाळाखाली निजतात. शेतकऱ्याचा कुणी मुलगा असा अंगणात राहिला असता तर त्याला केव्हाच डॉक्टरकडं नेलं असतं. मेंढपाळाच्या मुलाला कोण नेतो?

मामा स्वभावानं इतके हसरे, की त्यांना काही दुखत असेल असं मनातही यायचं नाही. मेंढरांना ते नातेवाइकांची नावं ठेवायचे. कळपात एक मेंढी कायम ओरडत असायची, तिचं नाव संगी. ते माझं नाव. "तुझ्यावानीच हाय. चारा तोंडात असला तरी बडबड थांबत न्हाय," असं माझ्यासमोर सांगायचे. एक आडमुठा मेंढा होता, तो माझ्या वडिलांच्या नावाचा. वडील घरी आले, की मामा त्याला मुद्दाम मोठ्यानं हाक मारायचे आणि मग "पावणं, तुमाला न्हाय" म्हणून हात जोडायचे.

मंजूच्या वेळी बाळंतपणाला मामींची आईच इकडं येऊन राहिली होती आणि ती बाळाला खिडकीपाशी घेऊन आली. मामांनी गजांतून बोट आत घातलं आणि मंजूनं ते धरलं. नंतर बाळ अंगणात आणता यायला बरेच दिवस गेले, तोवर बापलेकीची भेट एवढीच. मंजूचा अभ्यासही त्याच खिडकीत झाला. ती आत ओट्यावर पाटी घेऊन, मामा बाहेर उकिडवे. तिला पाढे चुकवायचे असले, की ती आतल्या खोलीत पळायची. तिथं मामांचा हात पोचत नव्हता.

मंजूला परंड्याला दिलं. तिला दिवस गेल्यावर ती तपासणीला धाराशिवला येऊ लागली, कारण तिथल्या एका दवाखान्यात मी नर्स आहे. लेकीला बघायला मामा गावाहून एसटीनं यायचे आणि दवाखान्याच्या पायरीवर थांबायचे. एके दिवशी वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला. आमचा जनरेटर जुना, सुरू होताना पायरीपर्यंत सगळं हादरायचं. मामांनी शेजारी बसलेलं कुणाचं तरी पोर उचललं आणि सरळ रस्त्यापलीकडं पळाले. मागं त्या पोराची आई, तिच्यामागं वॉचमन. पोर तेवढं खूश होतं, पुन्हा उचला म्हणत होतं. आम्ही सगळे पोट धरून हसलो. आमच्या मानसोपचाराच्या डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. त्या रस्ता ओलांडून गेल्या, मामांच्या शेजारी कट्ट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "भूकंपात तुमचं कोण गेलं?"

इतक्या वर्षांत मामांना हे कुणी विचारलं नव्हतं. आमच्या भागात जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी गेलेलं, मग कुणी कुणाला विचारायचं? माझी आई ही मामांची थोरली बहीण. ती तेव्हा सासरी होती. मामा दहा-अकरा वर्षांचे, मेंढरांबरोबर रानात निजले होते. माझी आजी आणि मामांची धाकटी बहीण तानी घरात होत्या. घर माळवदाचं, म्हणजे जाड दगडी भिंती आणि वर लाकडावर मातीचा हातभर थर. मला ठाऊक होतं ते एवढंच. आई याच्या पुढं कधी बोलायची नाही.

डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, मामांना बोलायला बोलावलं. खोलीत यायचं नाही म्हटल्यावर त्या स्वतः खुर्ची घेऊन दवाखान्याच्या परसातल्या लिंबाखाली बसायच्या. मामांना बोलायला कुठं अडचण होती? मेंढरांवर, पावसावर, लोकरीच्या भावावर ते तासभर बोलत. भूकंपाशी आले, की "चहा घ्या की डॉक्टरीणबाई" म्हणत. झोप थोडी सुधारली. पायरीच्या आत पाऊल काही पडलं नाही.

तेवढ्यात मंजूनं पेच टाकला. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी करतात. मंजू त्याच पायरीवर मामांच्या शेजारी बसली आणि शांतपणे म्हणाली, "आण्णा, म्या बाळंतपणाला परंड्यालाच ऱ्हाते. मला तुमी खिडकीतनं बघितलं, ते बघितलं. माझ्या लेकराला खिडकीतनं बघणार असाल तर म्या येत न्हाय."

लेक माहेरी आली नाही तर गावात तोंड दाखवायची पंचाईत, हे तर होतंच. पण मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांना गावाचं काही पडलं नव्हतं. तिच्या म्हणण्यात खोट काढता येत नव्हती, तेच त्यांना लागलं होतं. ते उठले, लिंबाखाली गेले आणि डॉक्टरबाईंना म्हणाले, "गोळीच्या पुढं काय असंल तर सांगा."

गोळीच्या पुढं केटामाइन होतं. ते मला नवं नव्हतं. हाड बसवताना, भाजलेल्याची पट्टी बदलताना भुलीचे डॉक्टर ते देतात, आणि त्यातून उतरताना माणसं काय काय बडबडतात तेही मी ऐकलेलं. पण मनाच्या जखमेला तेच औषध? डॉक्टरबाईंनी मला आणि मामींना समोर बसवून समजावलं. मात्रा थोडी असते, माणूस पूर्ण बेशुद्ध होत नाही. रक्तदाबावर सारखी नजर ठेवायची, भुलीचे डॉक्टर हाताशी हवेत. हे घरी न्यायचं औषध नव्हे आणि सरसकट कुणालाही द्यायचंही नव्हे. आणि खरं काम बोलण्याचं, औषधाच्या आधी आणि त्याहून जास्त नंतर. मामांना त्यांनी वेगळं सांगितलं. "भीती या औषधानं मरत नाही. थोडा वेळ लांब जाऊन उभी राहते. तेवढ्यात आपण तिच्याकडं नीट बघून घ्यायचं."

"लांडग्यावानी," मामा म्हणाले. "लांब असला की निदान दिसतो तरी."

आता अडचण अशी, की हे औषध द्यायची खोली स्लॅबखाली. मामांनी परसातल्या दारातून आत पाहिलं आणि म्हणाले, "खोलीचं भ्या घालवायला खोलीतच निजायचं? तेवढं जमत असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?" भुलीचे डॉक्टर उंचपुरे, कडक शिस्तीचे. ऑक्सिजन आणि मॉनिटर जवळ नसेल तर मी सुईला हात लावणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. मग मामांनीच तोड काढली. पुढच्या खेपेला ते एसटीच्या टपावर काठ्या आणि ताडपत्री घालून घेऊन आले आणि छोट्या ऑपरेशन थिएटरच्या मागच्या दाराला लागून, दवाखान्याच्या परसात त्यांनी आपलं पाल टाकलं. दारातून ऑक्सिजनची नळी बाहेर आली, मॉनिटर बाहेर आला, खाट आली. वॉर्डातले पेशंट सलाइनच्या बाटल्या हातात धरून बघायला आले.

भुलीचे डॉक्टर वाकून आत शिरले, पण ते वाकूनही पालापेक्षा उंचच होते. डोकं काठीला लागलं आणि सगळं पाल खाली आलं. डॉक्टर, डॉक्टरबाई, मी, मॉनिटर, सगळे ताडपत्रीखाली. आतून कुणाला काही दिसेना. मग एक कोपरा उचलला गेला आणि मामांचा चेहरा दिसला. ते आधीच बाहेर होते. "बगा," ते म्हणाले, "उचलता आलं का न्हाय?" ते कडक डॉक्टर त्या दिवशी हसताना मी पहिल्यांदा पाहिले.

हे औषध देताना डोळ्यांवर पट्टी बांधून कानाला संथ काहीतरी ऐकवतात. बासरी लावू का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. मामा म्हणाले, बासरी कशाला, माझ्या मेंढरांच्या घंट्या लावा. म्हणून मी गावाला जाऊन कळपामागं हिंडत मोबाइलवर घंट्या रेकॉर्ड करून आणल्या. पहिल्या दिवशी औषध चढलं, मामा शांत पडले होते, घंट्या वाजत होत्या आणि एकाएकी त्या रेकॉर्डिंगमधून मामींचा आवाज आला, "आवं, च्या निवतोय." मामा जिथं कुठं होते तिथून म्हणाले, "आलो, आलो." डॉक्टरबाईंनी तोंडाला रुमाल लावला.

त्या दिवशी फारसं काही घडलं नाही. मध्येच ते "माझं पाय कुठं गेलं?" असं कुतूहलानं विचारत होते. नंतर मळमळलं, उलटी झाली. "जाताना बरं व्हतं, येताना एसटी लागली," म्हणाले. काय दिसलं असं डॉक्टरबाईंनी विचारल्यावर म्हणाले, "म्या लई वर व्हतो. खाली माझीच मेंढरं. तांदूळ सांडल्यावानी."

दुसऱ्या खेपेला ते रडले. संगीला आत बसू द्या असं त्यांनीच डॉक्टरबाईंना सांगितलं होतं, म्हणून मी तिथं होते. आवाज न करता रडले, पट्टी भिजून गेली. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली बसल्यावर त्यांनी चहाचं नाव काढलं नाही.

"तानी आत जिती व्हती," ते म्हणाले. "उजाडल्यावर बी आवाज येत व्हता. दादा म्हणत व्हती. म्या दगडं काढली, माती काढली. मधी एक लाकूड व्हतं. लई मोठं. ते माझ्याच्यानं उचललं न्हाय. मग माणसांनी मला वडून बाजूला नेलं. दुसरं बी पडंल म्हणत व्हते. मग आवाज आला न्हाय."

पडलं तर उचलता येईल, तेवढंच डोक्यावर असावं. लहानपणापासून हे वाक्य ऐकत आले होते. ते कुठून आलं होतं हे मला त्या लिंबाखाली कळलं. मी नर्स आहे, पेशंटसमोर रडत नाही. त्या दिवशी रडले आणि मामांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला.

तिसऱ्या खेपेनंतर मी पट्टी काढली. मामा वर ताडपत्रीकडं बघत होते. मग सावकाश सांगायला लागले. "ह्या बारीला बी लाकूड तिथंच व्हतं. म्या उचलाय गेलोच न्हाय. बाजूला फट व्हती, तिथनं सरपटत आत शिरलो. तानीपाशी बसलो. तिचा हात धरला. ती म्हणली, दादा, आलास व्हय. म्या म्हणलं, आलो."

"मग?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मग काय न्हाय. बसलो. ती निजली."

आता मामा ताडकन उठून घरात गेले, असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. डॉक्टरबाई कधी परसात, कधी फोनवर त्यांच्याशी बोलत राहिल्या आणि दर वेळी थोडं थोडं ठरवून देत. आधी भिंतीला पाठ लावून बाहेर बसायचं. मग उंबऱ्यावर. मग चहा संपेपर्यंत आत. एकदा मामा आत चहा पीत असताना रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला आणि जमीन थरथरली. मामा कपबशीसकट अंगणात. मला फोनवर मोठ्या अभिमानानं सांगितलं, "पळालो, पर च्या सांडू दिला न्हाय." आणि तो चहा संपवायला ते पुन्हा आत गेले, हे मामींनी फोन ओढून घेऊन सांगितलं.

मामींची वेगळीच तक्रार सुरू झाली. इतकी वर्षं घर त्यांच्या एकटीचं होतं. आता मामा आत येऊन डबे उघडून बघायचे. हे इथं का, ते तिथं का, असं विचारायचे. शेंगदाण्याच्या लाडवांचा एक डबा मामींनी लग्नापासून फडताळाच्या वरच्या फळीवर निर्धास्त ठेवला होता. तो सापडल्यावर मामा मला म्हणाले, "संगे, इतकी वर्सं म्या भाईर भाकरी खाल्ली आन् आत लाडू व्हते. हे तुझ्या डॉक्टरीणबाईला सांग. ह्याच्यावर बी औषध दे म्हणावं."

पाल मात्र त्यांनी परसातून नेलं नाही. गुंडाळून देऊ का म्हटलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. कुणाला तरी लागंल." ते अजून तिथंच आहे. खोलीत बसून बोलताना ज्यांचा जीव घुसमटतो त्यांना डॉक्टरबाई पालात घेऊन बसतात. भुलीच्या डॉक्टरांनी मधली काठी स्वखर्चानं उंच करून घेतली आहे.

मंजू बाळंतपणाला माहेरी आली. उमरग्याच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. दोघी घरी आल्यावर खिडकीच्या खोलीत त्यांची खाट टाकली. एरवी घरात वावरणारे मामा त्या खोलीच्या मात्र दारापर्यंतच जायचे, बाळाकडं बघायचे आणि परत फिरायचे. मंजूनं खिडकी तेवढी कडी लावून बंद करून ठेवली होती.

बारशाच्या दिवशी सगळे जमलो. माझी आईही आली होती. पाळणा टांगायचा होता त्याच खोलीत, स्लॅबमधल्या लोखंडी कडीला. मंजूच्या नवऱ्यानं दोरी घेतली, तर मामा म्हणाले, "थांबा, जावईबापू." आणि आत आले. उंबरा ओलांडताना त्यांनी श्वास धरला होता, ते मला दिसलं. स्टुलावर चढले, दोन्ही हातांनी कडी धरली आणि पाय वर उचलले. चाळिशी ओलांडलेला माणूस स्लॅबला लोंबकळत होता. बायका बघतच राहिल्या. मामी म्हणाल्या, "आवं, उतरा. बारसं तुमचं न्हाय."

मामा खाली उतरले, कडीवरची धूळ पटक्याला पुसली आणि स्वतःच्या हातानं पाळणा बांधला. बाळाला आत ठेवलं. मग ते पाळण्याशेजारी मांडी घालून बसले आणि दोरी हातात घेतली.

पालातले मामा घरात बसलेत, ही खबर गावभर व्हायला वेळ लागला नाही. थोड्याच वेळात अंगण भरलं. खोलीत बायकांची एवढी दाटी, की पुरुष माणसं खिडकीपाशी गोळा झाली. मंजूनं उठून खिडकीची कडी काढली आणि ती उघडली. बाहेर गजांना नाकं लावून सगळं गाव, आणि आत मामा.

"काय मामा," कुणीतरी बाहेरून चेष्टेनं विचारलं, "भ्या वाटंना झालं व्हय आता?"

मामांनी वर स्लॅबकडं एकदा पाहिलं. पाळण्याची दोरी हलत होती.

"वाटतंय की," ते म्हणाले. "पर हिला आत ठिवून भाईर कसा येऊ?"

माझ्या आईनं पदर तोंडाला लावला आणि मामांच्या शेजारी जाऊन बसली. मामी पुढं झाल्या आणि त्यांनी खिडकी आतून लावून घेतली. बाळाच्या डोळ्यांवर ऊन येत होतं.